प्लगवरचा आकडा

वाईचे आबा मारुतीची व्हॅन चालवतात. वयाची पन्नाशी उलटल्यावर ते आमच्या रात्रीच्या वर्गात आले आणि दीड वर्षात वाचायला शिकले. आता ते एसटीची पाटी वाचतात, पेट्रोलची पावती वाचतात, भाड्याचा हिशेब स्वतः वहीत मांडतात. हा धडा त्यांच्या गाडीच्या प्लगचा आहे. प्लग घेताना एक चूक झाली. ती चूक आबांची नव्हती, आमची होती. म्हणून ती आम्हीच सांगावी हे बरे.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे तिला ओम्नी म्हणू लागले. २०१९ साली ती तयार होणे बंद झाले. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. कुणी भाजी वाहतो, कुणी दूध वाहतो, कुणी शाळेची मुले नेतो. आबा थंडीच्या दिवसांत स्ट्रॉबेरी वाहतात. पहाटे रिकामी गाडी घेऊन पसरणीचा घाट चढायचा, पाचगणीच्या वरच्या अंगाला मळ्यात खोकी भरायची, आणि ऊन चढायच्या आत वाईला परत यायचे. स्ट्रॉबेरी नाजूक. ती कुणासाठी थांबत नाही.

एके दिवशी आबा वर्गात म्हणाले, "गुरुजी, गाडी मिसिंग मारतीय. मिस्तरी म्हनतो, प्लग बदला. कसलं घ्यावं?"

आम्हाला आनंद झाला. वाचनाचा उपयोग करून दाखवायची ही चांगली संधी, असे वाटले. आम्ही म्हणालो, "आबा, सोपे आहे. जुना प्लग काढून आणा. त्यावर आकडा असतो. तोच आकडा नव्या प्लगवर बघा आणि घ्या. आकडा जुळल्याशिवाय घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी आबांनी जुना प्लग आणला. तो एनजीके कंपनीचा होता. सर्वांनी मिळून आकडा वाचला. पाच. आबांनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिले : प्लग, ५, नग ३.

दुकानात त्या कंपनीचे प्लग संपले होते. दुकानदाराने भिंतीवरचा तक्ता पाहिला आणि दुसऱ्या कंपनीची तीन खोकी पुढे ठेवली. त्यावर आकडा होता आठ. आबा म्हणाले, "हे नको. मला पाच पायजे." दुकानदार म्हणाला, "आबा, हेच लागतात तुमच्या गाडीला." आबांना वाटले, हा आपल्याला अडाणी समजतो. ते म्हणाले, "मला वाचता येतंय. पाच म्हंजे पाच." दुकानदाराने खांदे उडवले. आतल्या कप्प्यातून त्याच कंपनीचे, पण पाच आकड्याचे प्लग शोधून दिले. आबा खुशीत घरी आले.

प्लग बसले. आटे बरोबर जुळले. गाडी चालू झाली. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी पहाटे पाचला गाडी सुरूच होईना. आबांनी किल्ली फिरवून फिरवून बॅटरी उतरवली. शेजाऱ्यांना उठवून धक्का मारला. पेट्रोलचा वास सुटला, पण इंजिन काही बोलेना. सात वाजता मळ्यातून फोन आला. आठ वाजता मळेवाल्याने दुसरी गाडी बोलावली. त्या दिवसाचे भाडे गेलेच, पण पुढचे आठ दिवसही तीच दुसरी गाडी मळ्यावर जात होती.

मिस्तरींनी प्लग काढून आमच्या हातात दिले. तिन्ही कोरडे, काळे, काजळीने माखलेले. मिस्तरी हसून म्हणाले, "गुरुजी, आकडा पाच आहे, पण हा पाच त्या पाचातला नव्हे."

हे वाक्य समजायला आधी प्लग काय करतो ते समजले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. आबांच्या गाडीत ती तीन आहेत. पुष्कळ मोटारींत चार असतात. प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर होतो. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, दट्ट्या वर येऊन ते दाबतो, आणि मग त्याला आग लावावी लागते. आग लागली की वायू फुगतो, दट्ट्याला खाली ढकलतो, आणि चाक फिरते. ही आग लावणारी काडी म्हणजे प्लग.

मात्र ही काडी विजेची आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. एवढ्याने ठिणगी पडत नाही. कॉइल नावाचा भाग ती वीज वाढवून पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत नेतो. ती तारेतून प्लगच्या डोक्यावर येते, मधल्या सळईतून खाली उतरते आणि टोकाशी असलेली फट उडी मारून ओलांडते. ती उडी म्हणजेच ठिणगी. मधली सळई आणि बाहेरचे लोखंडी अंग यांच्यामध्ये पांढरी चिनीमाती असते. वीज आडवाटेने जाऊ नये म्हणून ती असते. चिनीमातीला बारीक तडा गेला तरी वीज तिथूनच पळते आणि ठिणगी पडत नाही. म्हणून हातातून खाली पडलेला प्लग बसवू नये. वरून चांगला दिसतो, पण आत काय झाले ते कळत नाही.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर साध्या गाडीत एक प्लग मिनिटाला १५०० ठिणग्या टाकतो. म्हणजे सेकंदाला पंचवीस. तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत पंचवीस काड्या ओढल्या गेल्या! इतके काम करून टोक झिजते, कोपरे गोल होतात, फट रुंदावते. रुंद फट ओलांडायला विजेला जास्त जोर लागतो. एखादी ठिणगी चुकते. तेच आपले मिसिंग.

आता मिस्तरींचे वाक्य. प्लगचे टोक आगीतच बसलेले असते. ते फार थंड राहिले तर त्यावर काजळी साचते. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे वीज फट ओलांडायची सोडून काजळीवरून निघून जाते. मिस्तरी मंडळी म्हणतात, प्लग शॉर्ट झाला. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापले की काजळी आपोआप जळून जाते. प्लग स्वतःला स्वच्छ ठेवतो. पण तेच टोक ८५० अंशांच्या वर गेले तर निखाऱ्यासारखे होते. मग ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आधीच पेटते. दट्ट्या अजून वर येत असतो आणि वरून त्याच्यावर घाव बसतो. इंजिन खडखडते. असे फार वेळ चालले तर दट्ट्याला भोक पडते. काजळीने गाडी बंद पडते, भोकाने इंजिन खोलावे लागते. दोन्हींत दुसरे महाग.

म्हणून कंपन्या प्लग वेगवेगळ्या 'गरमीचे' करतात. ही गरमी ठिणगीची नाही, हे नीट लक्षात ठेवा. ठिणगी सगळ्यांची सारखीच. फरक आहे तो टोकाची उष्णता किती लवकर बाहेर पडते यात. वाफ्यात पाणी साचले आणि ते काढून द्यायचा पाट लांब असला तर पाणी हळू निघते, वाफा ओला राहतो. पाट आखूड असला तर पाणी झटकन जाते. प्लगचे तसेच आहे. टोकाजवळची चिनीमाती लांब असली तर उष्णतेला लोखंडी अंगापर्यंत जायला लांबचा रस्ता. टोक गरम राहते. हा गरम प्लग. चिनीमाती आखूड असली तर उष्णता लवकर जाते. हा थंड प्लग. गावात सावकाश फिरणाऱ्या गाडीला फार थंड प्लग चालत नाही. सतत जोराने पळणाऱ्या, ओझे ओढणाऱ्या इंजिनाला फार गरम प्लग चालत नाही. कोणत्या इंजिनाला कोणता, हे इंजिन करणाऱ्याने तपासून ठरवलेले असते.

ही गरमी दाखवायला प्लगवर आकडा असतो. आणि इथेच आम्ही फसलो. एनजीके ही जपानी कंपनी आहे. तिच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. डेन्सो कंपनीचेही तसेच, फक्त तिचे आकडे निराळे आहेत : १६, २०, २२ असे. बॉश ही जर्मन कंपनी उलटे मोजते. तिच्याकडे आकडा मोठा तर प्लग गरम. चॅम्पियनचीही रीत तीच उलटी. त्यामुळे एनजीकेचा ५ आणि बॉशचा ८ हे जवळजवळ सारख्याच गरमीचे. एनजीकेचा ६ आणि बॉशचा ७ यांची जोडी. डेन्सोमध्ये ५ ला १६ आणि ६ ला २०.

दुकानदाराने आबांना आठ दिला होता तो बरोबरच होता! त्याच्या भिंतीवरचा तक्ता याच कामासाठी होता. आबांनी हट्टाने घेतलेला पाच हा उलट्या मोजणीतला पाच. म्हणजे त्यांच्या गाडीला हवा त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या थंड. रिकामी गाडी, डिसेंबरची पहाट, वाईच्या बाजारातली रांगती चाल. टोक तापलेच नाही. काजळी साचत गेली आणि चौथ्या दिवशी प्लग शॉर्ट झाले.

आम्ही वर्गात सांगितले होते, आकडा जुळवा. आम्हाला वाटले, आकडा म्हणजे आकडा, दोन आणि दोन चार. पण शेर आणि किलो दोन्ही 'पाच' असू शकतात, हे आम्हीच विसरलो.

तर मग प्लग कसा निवडावा?

पहिली वाट सरळ आहे. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक उघडा. त्यात प्लगचे पूर्ण नाव आणि फट किती ठेवायची ते लिहिलेले असते. पुस्तक हरवले असेल तर बॉनेटच्या आत चिकटवलेली चिठ्ठी पाहा. काही गाड्यांत तिच्यावर लिहिलेले सापडते. तीही नसेल तर अधिकृत सर्व्हिस केंद्रात गाडीचे नाव, साल आणि इंजिनचा प्रकार सांगून विचारा. प्लग बनवणाऱ्या कंपन्याही गाड्यांप्रमाणे तक्ते छापतात. गाडीत आता बसलेला प्लग हा शेवटचा पुरावा समजा, पहिला नव्हे. तो बसवणाऱ्या आधीच्या माणसाने चूक केली नसेल कशावरून?

दुसरी गोष्ट. नुसता आकडा वाचू नका, पूर्ण नाव वाचा. अक्षरे इंग्रजी असतात. ती वाचता येत नसतील तर चित्रासारखी कागदावर उतरवून घ्या, एकही न गाळता. उदाहरण म्हणून एनजीकेचे एक नाव घेऊ : बी पी आर ५ ई एस. यात 'बी' म्हणजे आटे १४ मिलिमीटर जाडीचे. 'पी' म्हणजे टोक थोडे पुढे आलेले. 'आर' म्हणजे आत रोधक आहे. '५' ही गरमी. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा 'एस' मधल्या सळईचा साधा प्रकार सांगतो. काही नावांच्या शेवटी आडवी रेघ देऊन ११ लिहितात. ती फट आहे, १.१ मिलिमीटर. आता पाहा, 'ई' च्या जागी 'एच' आला की आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर होते. एका अक्षराने सहा मिलिमीटरांचा फरक!

हा लांबीचा फरक फार घातक आहे. गरमी चुकली तर गाडी आधी कुरकुरते, तुम्हाला वेळ मिळतो. लांबी चुकली तर तेवढाही वेळ मिळत नाही. आखूड भोकात लांब प्लग बसवला तर तो आत घुसतो आणि वर येणारा दट्ट्या त्याला धडकू शकतो. किल्ली फिरवताच खट्ट आवाज, आणि खर्च हजारोंचा. उलट लांब भोकात आखूड प्लग बसवला तर गाडी चालते, पण ठिणगी आत पोचण्याऐवजी भोकातच पडते, आणि उघडे राहिलेले आतले आटे काजळीने भरतात. पुढे योग्य प्लग बसवायला गेलात की तो अडकतो. दोन्ही प्लगांची जाडी एकच, आटे एकच. हाताला ते सारखेच लागतात. "बसला म्हणजे चालतो" असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. नवा आणि जुना प्लग शेजारी शेजारी उभे धरा, आट्यांची लांबी डोळ्यांनी मोजा. तळाशी वॉशर आहे की निमुळती उतरती कड आहे, तेही पाहा. वॉशरच्या जागी कडेचा आणि कडेच्या जागी वॉशरचा चालत नाही, तिथून दाब निसटतो.

रोधकाविषयी थोडेच. ठिणगी पडताना रेडिओत खरखर येते. ती कमी करायला प्लगमध्ये रोधक घालतात. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत तो नसला तर रेडिओ कुरकुरेल, एवढेच. पण ज्या गाडीत इंजिनचा कारभार छोट्या संगणकाकडे आहे, तिथे बिनरोधकाचा प्लग त्या संगणकाला गोंधळात पाडू शकतो. नावात रोधकाची खूण असेल तर ती नव्यातही हवी.

दुकानात आणखी एक प्रश्न येतो. साधा घ्यायचा, प्लॅटिनमचा घ्यायचा, की इरिडियमचा? साध्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्र धातूचे. तो स्वस्त असतो आणि साधारण वीस-तीस हजार किलोमीटर चांगला चालतो. प्लॅटिनम आणि इरिडियम हे निराळे धातू. त्यांचे टोक सुईसारखे बारीक करता येते आणि तरी ते लवकर झिजत नाही. काही गाड्यांत ते लाखभर किलोमीटर टिकतात. पण किंमत कितीतरी पट. आमचे मत असे : गाडीच्या पुस्तकात इरिडियम लिहिला असेल तर पैसे वाचवायला साधा घालू नका. पुस्तकात साधा लिहिला असेल तर साधाच घ्या आणि वेळेवर बदला. महाग प्लगने जुन्या इंजिनात नवी ताकद येत नाही. झिजलेल्या रिंगा प्लग दुरुस्त करत नाही. हे पैसे तेल बदलायला आणि हवेची जाळी बदलायला वापरावेत.

गाडी गॅसवर चालत असेल तर मिस्तरींना तसे आधी सांगा. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला विजेला जास्त जोर लागतो. झिजलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा चालेल, गॅसवर लगेच मिसिंग मारेल. गॅसचा संच बसवणाऱ्याने फट किती ठेवायला सांगितली आहे ते लिहून घ्या.

आमच्या वर्गात एकाने विचारले, "माझ्या जीपला कसला प्लग?" जीप डिझेलवर चालणारी. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्लगच नसतो. तिथे हवा इतकी दाबतात की ती स्वतःच तापते आणि डिझेल पेटते. त्यात जो हीटर प्लग असतो तो थंडीत गाडी सुरू करायला आतली हवा तापवतो. तो निराळा प्रकार.

जुना प्लग फेकून देण्याआधी त्याचे टोक पाहा. इंजिनच्या पोटात काय चालले आहे ते तो सांगतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, हवेची जाळी तुंबली आहे, किंवा आबांसारखा थंड प्लग बसला आहे. ओले, तेलकट काळे असेल तर तेल आत येत आहे, रिंगा किंवा झडपांची सीले गेली आहेत. पांढरे फट्ट, फोड आलेले, कडा वितळल्यासारख्या असतील तर गाडी तशीच चालवू नका. आत फार उष्णता होत आहे. सगळे प्लग सारखे आणि एकच निराळा, असे दिसले तर दोष त्या एका नळकांड्यात आहे. म्हणून काढताना कोणता कुठला ते क्रमाने मांडून ठेवा.

काढताना इंजिन थंड हवे. हेड ॲल्युमिनियमचे असते, गरम असताना त्याचे आटे सोलून निघतात. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढा, नाहीतर ती भोकातून आत जाते. तारा एकदम सगळ्या काढू नका. एक तार काढा, एक प्लग बदला, तार परत लावा, मग पुढचा. तारांची अदलाबदल झाली तर गाडी चालणार नाही किंवा धडधडेल, आणि दोष नव्या प्लगवर जाईल.

बसवण्याआधी फट मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरांच्या मध्ये असते, पण तुमच्या गाडीची नेमकी पुस्तकात पाहा. मोजायला पातळ पात्यांचे फीलर गेज मिळते, ते फार महाग नसते. फट कमी-जास्त करायची तर बाहेरचे वाकडे टोक हळूच वाकवा. मधल्या सळईला जोर लावू नका, चिनीमाती तडकेल. इरिडियमच्या बारीक टोकाला तर हातच लावू नये.

प्लग भोकात आधी नुसत्या हाताने फिरवा. शेवटपर्यंत हातानेच गेला पाहिजे. अडकला तर पाना लावून रेटू नका, उलटा फिरवून काढा आणि पुन्हा सरळ बसवा. हाताने घट्ट झाल्यावर नवा वॉशरवाला प्लग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळायचा. निमुळत्या कडेचा असेल तर फेऱ्याचा सोळावा भाग, बस. सैल राहिला तर उष्णता बाहेर जात नाही आणि प्लग जळतो. जास्त आवळला तर आटे जातात. आमच्याकडे पुष्कळ लोक पान्याला पाइप लावून प्लग आवळतात. त्यांना आम्ही हात जोडतो.

आणखी एक सावधगिरी. बाजारात नकली प्लग असतात. खोके हुबेहूब, आतली छपाई मात्र पुसट, अक्षरे वाकडी, वॉशर सैल. नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळाला तर शंका घ्या. पक्की पावती मागा आणि पावतीवर प्लगचे पूर्ण नाव लिहून घ्या.

आबांचे पुढे काय झाले? मिस्तरींनी त्याच दिवशी आठ आकड्याचे तीन प्लग मागवले आणि बसवले. गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. आम्ही आबांना पैसे देऊ केले, कारण नुकसान आमच्या सांगण्यामुळे झाले होते. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वाचाया शिकवलं. कुणाचा पाच, ते इचारायचं माझंच ऱ्हायलं." आम्हाला हे पटले नाही, पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. नवव्या दिवशी मळेवाल्याचा फोन आला आणि ते पुन्हा घाट चढू लागले.

नंतर ते त्या दुकानदाराकडे गेले. "तुमचं बरोबर हुतं," असे त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितले. दुकानदाराने भिंतीवरचा तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला. दोघांनी मिळून त्यातली मारुतीची ओळ शोधली. आबांच्या वहीत आता नवे पान आहे. त्यावर गाडीचे साल, दोन कंपन्यांच्या प्लगांची पूर्ण नावे, फट, आणि बदलले त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आहे. इंग्रजी अक्षरे त्यांनी तक्त्यावरून एकेक बघून काढली आहेत. थोडी वाकडी आहेत, पण एकही चुकलेले नाही.

काळ्या पडलेल्या तीन प्लगांपैकी एक आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. नवी मंडळी वर्गाला आली की आबा तो काढतात, त्यांच्या हातात देतात आणि विचारतात, "ह्याच्यावर आकडा किती हाय, वाचा बघू." कुणी 'पाच' म्हणाले की आबा आमच्याकडे बघून हसतात आणि पुढचे विचारतात, "कुणाचा?"